चौतीस चौरस फुटांची चोरी

मापात मला कुणी फसवू शकत नाही! हे वाक्य मी बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलोय. शर्ट-पॅन्ट शिवण्याचा माझा धंदा. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याची छाती किती, पोट किती आणि त्यातलं किती पोट तो श्वास रोखून आत ओढून उभा आहे, हे मला बसल्या जागेवरून कळतं. टेप मी लावतो तो फक्त त्याच्या समाधानासाठी.

पण टेप म्हणजे साधासुधा टेप नव्हे हं! ज्या उस्तादांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांनी मी वेगळं दुकान टाकताना स्वतःच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातलेला पिवळा टेप. साठ इंची. त्याची निगा मी पोटच्या पोरासारखी राखली. रोज दुकान बंद करताना टेपाचं एक टोक खिळ्याला अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कापड कापायची मोठी लोखंडी कात्री लटकवून ठेवायची, म्हणजे रात्रभरात सुरकुती राहत नाही. बावीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही. माझं लग्न झालं त्या दिवशीसुद्धा हॉलवर जायच्या आधी कात्री लटकवून गेलो होतो!

आणि याच टेपाने मला जगाची लबाडी दाखवली. कापडवाल्याकडून तीन मीटर कापड आणावं, घरी येऊन मोजावं, तर चार इंच कमी! मी तावातावाने परत जायचो. तो त्याचा लोखंडी गज दाखवायचा, मी माझा टेप दाखवायचो, आणि मग आमचं बोलणं कायमचं बंद व्हायचं. असे पाच कापडवाले मी बदलले. पाचही चोर निघाले. एकदा खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी भिंतीच्या पट्टीला उभं करून माझी उंची पाच फूट सहा लिहिली.

"डॉक्टर, मी पाच फूट चार आहे. तुमची पट्टी चुकीची आहे!"

"बरं, पाच-चार लिहितो," डॉक्टर म्हणाले. "खोकला किती दिवस आहे?"

सातवीतली माझी मुलगी एकदा शाळेची फूटपट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ही तुमच्या टेपावर साडेअकरा इंचच भरते." मी तिला समजावलं, की प्लॅस्टिक उन्हाने आखडतं. बायको शर्टाला बटणं लावत होती. आता सांगतो, त्या दिवशी त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, आणि ते मी पाहिलं होतं.

आमचं घर म्हणजे दुकानाच्या मागची दीड खोली. मधे एक पडदा. तोच पडदा आमच्या संसाराची भिंत आणि तोच गिऱ्हाइकाची ट्रायल रूम. पडद्याच्या अलीकडे गिऱ्हाईक पॅन्ट घालून बघतंय आणि पलीकडे बायको कांदा परततेय! खिडकी नाहीच. कांद्याचा वास थेट टांगलेल्या शर्टांत शिरायचा. एक साहेब नवा शर्ट घेऊन परत आले आणि म्हणाले, "मास्तर, मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या आईने विचारलं, जेवूनच आलात का?"

बायकोने इतक्या वर्षांत साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. घर घ्यायचं ठरलं तेव्हा एवढंच म्हणाली, "अहो, घर केवढंही असू दे. मला स्वयंपाकघराला खिडकी हवी. उघडणारी."

मी म्हणालो, "खिडकीचं सोड. आधी माप बघायचं. मापात लोक बुडतात!"

हे मी उगाच म्हणत नव्हतो. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वर्षभरापूर्वी असाच बुडाला होता. हजार फुटांचा फ्लॅट म्हणून नाचत पेढे घेऊन आला. ताबा मिळाल्यावर आत गेला तर सातशेसुद्धा भरेना. तेव्हा त्याला समोर बसवून मी सगळं उलगडून सांगितलं होतं.

"हे बघ, शर्ट शिवायला टाकलास. तुझ्या अंगाला प्रत्यक्ष लागतं तेवढं कापड म्हणजे कार्पेट. भिंतीच्या आतली, पाय ठेवता येईल अशी जागा. त्यात शिवणीत दडलेलं कापड मिळवलं की बिल्ट-अप. म्हणजे भिंतींची जाडीही आली. आणि सुपर बिल्ट-अप म्हणजे माझ्या दुकानाचा आरसा, पायरी, गिऱ्हाइकाला बसायचं बाकडं, हे सगळं तुझ्या शर्टाच्या मापात धरायचं! तुमच्याकडे जिना, लिफ्ट, खालचा हॉल, वॉचमनची केबिन."

मेहुणा हादरला. "भावोजी, म्हणजे मी वॉचमनच्या केबिनचे पैसे भरले?"

"एकट्याने नाही रे. सगळ्यांनी वाटून."

"मग मी तिथे बसू शकतो?"

"वॉचमनला विचार."

तर असा मी जाणकार! नव्या इमारतीच्या ऑफिसात गेलो तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी छापील कागद पुढे केला आणि गोड आवाजात सांगितलं, "सर, सातशे साठ स्क्वेअर फूट."

मी कागद उलटा करून परत सरकवला. "कार्पेट बोला, ताई."

त्यांचा आवाज जरा खाली आला. "पाचशे चाळीस."

मी बायकोकडे वळून भुवई उडवली. पण तिचं लक्ष कुठे होतं? ती विचारत होती, "स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते?"

इमारत बांधून तयारच होती, रंग आणि लिफ्ट तेवढी बाकी होती. ताईंनी आम्हाला जिन्याने सातव्या मजल्यावर नेलं. मी हॉलच्या भिंतीवर टिचक्या मारत फिरत होतो. बायको स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. जाऊन पाहतो तर खिडकी सताड उघडून उभी! खाली शाळेचं मैदान होतं, त्यापलीकडे झाडांचे शेंडे. वारा असा येत होता की तिच्या डोक्यावरचा पदर राहत नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर हात फिरवत ती म्हणाली, "इथे मी मिठाची बरणी ठेवणार नाही. इथे काहीच ठेवणार नाही."

हाच फ्लॅट घेणार, असं आम्ही सांगितलं. ताईंनी तीन गोष्टी स्पष्ट केल्या. दर कार्पेटवर लागणार. करारावर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत सही झाली तर हा दर. पाचनंतर नवा दर, तो पुष्कळ जास्त. बँकेने आम्हाला जेवढं कर्ज मंजूर केलं होतं, ते जुन्या दराने अगदी काठोकाठ पुरत होतं. वर एक रुमाल शिवायलाही उरत नव्हतं.

सरळ सही करून मोकळा झालो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बुधवारी माझ्या गळ्यातला टेप मला स्वस्थ बसू देईना! "एवढं घर घेतोय, मोजायला नको?" असं म्हणून मी बायको-पोरीला घेऊन पुन्हा सातवा मजला चढलो. मी गुडघ्यांवर बसून मोजत होतो, मुलगी बिलबुकाच्या पाठीमागे लिहीत होती.

दहा फुटांची म्हणून सांगितलेली खोली नऊ फूट आठ इंच भरली. बारा फुटांचा हॉल अकरा फूट साडेसात. सात फुटांचा दरवाजा सहा फूट नऊ! मला घाम फुटला. मी जमिनीवरची फरशी मोजली. फरशीच्या खोक्यावर दोन फूट छापलेलं होतं. भरली सव्वातेवीस इंच!

"फरशीसुद्धा चोरली!" मी ओरडलो. रिकाम्या घरात तो आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरचा रंगारी ब्रश घेऊन वर आला.

मुलीने गुणाकार केले, बेरीज केली. पाचशे सहा. मी पुन्हा करायला लावले. पाचशे सहा. म्हणजे चौतीस चौरस फूट गायब!

बायको खिडकीशी उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, ते त्या फूटपट्टीसारखं तर नसेल ना?"

"कुठल्या फूटपट्टीसारखं?" मी असं काही डोळे वटारून विचारलं की तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. मापातलं तुम्हाला कळतं."

हे वाक्य ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मनापासून म्हणाली होती.

मी तडक ऑफिसात. ताईंनी सांगितलं, "सर, आम्ही इंजिनिअर पाठवतो, तुमच्यासमोर मोजून दाखवतील."

"तुमचा इंजिनिअर, तुमचा टेप! चोराच्या हातात तराजू देऊ?"

हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो, कारण मागच्या बाकावर सही करायला आलेली एक बाई जुळ्या पोरांना घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दादा, आमचाही मोजून द्याल?"

झालं! मला दुसरं काय हवं होतं? तिचा मोजला. कमी भरला. तिने शेजारच्या नर्सबाईंना सांगितलं. त्यांचाही कमी. नर्सबाईंनी बँकेतून रिटायर झालेल्या एका साहेबांना फोन केला. ते माझं जुनं गिऱ्हाईक, छाती बेचाळीस. गुरुवार आणि शुक्रवार मी दुकान बंद ठेवून सहा घरं मोजली. माझे गुडघे सोलपटले. सहाही घरं कमी भरली, आणि सगळी एकाच प्रमाणात! आता, ज्याच्या डोक्यात थोडी अक्कल आहे त्याला इथे शंका आली असती. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, चोरीसुद्धा किती पद्धतशीर आहे!

बँकेचे साहेब म्हणाले, "मास्तर, आपण संघटना केली पाहिजे." संघटना झाली. अध्यक्ष मी. मी लगेच पहिला हुकूम काढला, की जोवर चौतीस फुटांचा निकाल लागत नाही तोवर कुणीही सही करायची नाही. सगळ्यांनी हात वर केले. जुळ्यांनीसुद्धा केले.

शुक्रवारी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "उद्या पाचपर्यंत होईल ना पण?"

"अगं, उद्या इमारतीचा मालक हात जोडून येईल! चौतीस फुटांचे पैसे कमी करून घेतो की नाही बघ. त्या पैशांत तुझ्या खिडकीला जाळी बसवू."

"जाळी नको," ती म्हणाली. "उघडी हवी."

शनिवारी दुपारी तीनला आम्ही सातही कुटुंबं ऑफिसात. मालक स्वतः आले होते. शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मी चहाला हात लावला नाही. मी उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. काय काय बोललो ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. "तुम्ही आमच्या पायाखालची जागा चोरली" असं एक वाक्य होतं. "फरशीचे कोपरे खाल्ले" असंही एक होतं. शेवटी मी गळ्यातला टेप काढून टेबलावर आपटला आणि म्हणालो, "चोर! हा टेप खोटं बोलत नाही!"

टाळ्या पडल्या. हो, खोटं कशाला सांगू, टाळ्या पडल्या आणि मला फार बरं वाटलं.

मालक म्हणाले, "मास्तर, आमच्या इंजिनिअरना मोजू द्या."

"टेप तुमच्या घरचा!"

"मग तिसऱ्याचा आणा. कुणाचाही आणा. मी मानीन."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "माझ्याकडे आहे."

माझी मुलगी! कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गृहपाठ करत होती. तिने दप्तरातून फूटपट्टी काढून पुढे केली.

"ती नको!" मी म्हणालो. "ती आखडलेली आहे!"

"बाबा," ती म्हणाली, "वर्गात सगळ्यांची एवढीच आहे."

इंजिनिअर तरुण आणि फार सभ्य होते. त्यांनी टेबलावर आपला स्टीलचा टेप पसरला आणि त्याशेजारी फूटपट्टी ठेवली. बाराला बारा. केसाचाही फरक नाही. मग त्यांनी माझा पिवळा टेप उचलला, दोन्ही हातांनी, एखादी जुनी पोथी उचलावी तसा. एक टोक स्टीलच्या टेपाच्या टोकाला लावून तो सरळ पसरला. सगळे वाकले. मीही वाकलो.

माझा तीस त्यांच्या एकतीसला होता. माझा साठ त्यांच्या बासष्टला.

इंजिनिअर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा लावू का?"

मी स्वतः लावला. जरा ढिला सोडून लावला. जरा चुरगाळूनही लावला, लाज सोडून. साठ काही बासष्टवरून मागे येईना.

बँकेचे साहेब शर्टाची कॉलर चाचपत म्हणाले, "मास्तर, म्हणजे माझी दहा वर्षांची मापं...?"

"शर्ट बरोबर आहेत, साहेब!" मी घाईघाईने म्हणालो. "अंगही याच टेपाने मोजलं आणि कापडही याच टेपाने कापलं. शर्टात एका सुताचा फरक नाही!"

"मग चूक कुठे आहे?"

याचं उत्तर तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मालकांनी विचारलं, "टेप किती वर्षांचा आहे?"

"बावीस."

"चांगला राहिलाय. ठेवता कसा?"

अंगात शिल्लक असलेल्या सवयीने मी ताठ मानेने सांगून टाकलं, की रोज रात्री खिळ्याला लावून खाली लोखंडी कात्री लटकवतो. सांगता सांगता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. कात्री किती वजनाची, हे कुणी विचारलं नाही.

मग नर्सबाई एकदम दचकून म्हणाल्या, "अहो, सव्वाचार वाजले!"

आणि माझी संघटना फुटली! खुर्च्या मागे सरकल्या, चहाचे कप कलंडले. काउंटर एकच. करार वाचायचा, पानोपानी सह्या करायच्या, अंगठा लावायचा, फोटो काढायचा. एकेकाला सात-आठ मिनिटं तरी हवीच. टेबलापासून काउंटरला सगळ्यांत जवळ मी होतो. आता लाज वाटते सांगायला, पण सगळ्यांच्या आधी काउंटरवर जाऊन पोहोचलो तो मीच. अध्यक्ष!

मागून कुणी तरी माझी बाही धरली. बायको होती.

"आधी त्यांना जाऊ द्या," ती म्हणाली.

"अगं, वेळ बघ!"

"बघितली. ते तुमच्या शब्दावर थांबलेत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मला ओढून ती रांगेच्या शेवटी घेऊन गेली आणि तिथे उभी राहिली. पुढे जुळ्यांची आई, मग नर्सबाई, मग आणखी तिघं, मग बँकेचे साहेब, मग आम्ही. जुळ्यांनी फोटोत मधे मधे तोंडं घातली, त्यात दोन मिनिटं गेली. बँकेच्या साहेबांनी करारातला प्रत्येक शब्द वाचला. शेवटी पाचला सहा मिनिटं होती तेव्हा त्यांना "इथे बिल्ट-अपची व्याख्या काय धरली आहे?" असा प्रश्न पडला. माझ्याच संगतीचा परिणाम, दुसरं काय! मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे त्या इमारतीचं मोठं चित्र होतं आणि सातव्या मजल्यावर एक बारीक खिडकी काढलेली होती.

साहेब उठले आणि पाच वाजले. ताई कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "सर, दर बदलला. माझ्या हातात नाही आता."

मी मालकांकडे वळलो. बावीस वर्षांत मी कुणापुढे हात जोडले नव्हते. जोडले. म्हणालो, "साहेब, चूक माझी. पण दोनच मिनिटं झालीत."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस खरंच शांत होता. "मास्तर, दीड तासापूर्वी तुम्ही मला इतक्या लोकांसमोर चोर म्हणालात. चोराकडे सवलत मागू नये."

खरं होतं.

नव्या दराने पाचशे चाळीस आमच्या कर्जात बसेना. ताईंनी बराच वेळ आकडे केले आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक लहान फ्लॅट दाखवला. तो बसत होता. तेवढाच बसत होता. आम्ही सोमवारी सही केली. यावेळी मी काहीही मोजलं नाही. वाचलंसुद्धा नाही. मापातलं मला कळत नाही, असं ठरवून सही केली.

मधल्या दिवसांत मी माफी मागत फिरलो. पाचही कापडवाल्यांकडे गेलो. चौघांनी हसून सोडून दिलं. पाचव्याने मला बसवलं, त्याचा लोखंडी गज माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, बारा वर्षं मी घरी रोज हा गज मोजून बघत होतो." डॉक्टरांकडे जाऊन मी माझी उंची पाच फूट सहा अशी दुरुस्त करून घेतली. दोन इंच उंची वाढली, पण हल्ली मान खाली घालून चालतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ताबा मिळाला तेव्हा आम्ही तिघं आत गेलो. स्वयंपाकघराला खिडकी होती. उघडतही होती. उघडली की समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, पाण्याची सिमेंटची टाकी. वारा यायचा तो टाकीला विचारून यायचा. बायकोने खिडकीच्या कट्ट्यावर हात फिरवला, थोडा वेळ टाकीकडे बघितलं आणि पिशवीतून मिठाची बरणी काढून तिथे ठेवली.

मला तिथे थांबवेना. मी हॉलमध्ये आलो. मुलगी नवा स्टीलचा टेप घेऊन एकटीच खोल्या मोजत होती, बिलबुकाच्या पाठीमागे लिहीत होती. मी म्हणालो, "अगं, कशाला? राहू दे ना."

"बाबा, झालं." तिने बेरीज केली. मग पुन्हा केली. मग बिलबुक हळूच उलटून आधीचं पान बघितलं.

"किती?" मी विचारलं.

"पाचशे सहा."

म्हणजे बरोबर चौतीस चौरस फूट कमी! बुधवारी गुडघे फोडून मी जे घर मोजलं होतं, नेमकं तेच मी अखेर विकत घेतलं होतं. माझा टेप खोटं बोलत नाही, असं मी म्हणालो होतोच.

मी गळ्यातल्या पिवळ्या टेपाशी उगाच चाळा करत उभा राहिलो. सवय हो, दुसरं काय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, आता तो तुमचा टेप लावू नका हं. आहे तेवढं तरी राहू द्या!"